शेवटच्या बंदराचा उदोन

पहाटेचे चार वाजलेत. पाय धुऊन, पुसून, कोरडे करून तुम्ही पिठाच्या गोळ्यावर उभे आहात. पायाखाली गवती चटई, चटईखाली गव्हाचं पीठ, मीठ आणि पाणी, बस्स. टाचेनं दाबायचं, तसूभर पुढे सरकायचं, पुन्हा दाबायचं. गोळा पसरला की घडी घालायची आणि परत तुडवायचा. सुरुवातीला तो पायाखाली दगडासारखा राहतो. अर्ध्या तासानं ऐकायला लागतो.

साल १९१५, महिना जानेवारी. नागासाकीच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, पूर्व चीन समुद्रात गोतो बेटं आहेत. पाच मोठी आणि शंभरावर लहान. त्यांपैकी उत्तरेकडच्या नाकादोरी बेटावरच्या एका घरात तुम्ही आहात. बाहेर वायव्येचा वारा कौलं हलवतोय. चुलीपाशी बसलेली आजी त्या वाऱ्याचा आवाज ऐकते आणि समाधानानं मान डोलावते. आजचा वारा कोरडा आहे. उदोन, म्हणजे या पिठाच्या शेवया, उद्या नीट वाळतील.

जपानी उदोन म्हटलं की पोळीसारखं लाटून सुरीनं कापलेले जाड, चौकोनी काठांचे दोर डोळ्यांपुढे येतात. शिकोकू बेटावरचा प्रसिद्ध सानुकी उदोन तसा असतो. गोतोचा उदोन कापून होत नाही, ताणून होतो. म्हणून तो गोल असतो, बारीक असतो, आणि वाळल्यावर जेमतेम दोन मिलिमीटर भरतो. सुरीचं काम फक्त सुरुवातीला. आजी पसरलेल्या गोळ्याला बाहेरून आत गोलगोल चीर देत जाते आणि एकाच सलग लांब पट्ट्याची वेटोळी लाकडी परातीत रचते. प्रत्येक थरावर हाताच्या तळव्यानं तेल फिरवते. हे तेल इथल्याच डोंगरावरच्या त्सुबाकीचं, म्हणजे रानकॅमेलियाचं. हिवाळ्यात लाल फुलणाऱ्या या झाडाच्या बिया शरद ऋतूत वेचायच्या, उन्हात वाळवायच्या, कुटायच्या, वाफवायच्या आणि मग घाण्याखाली पिळायच्या. जपानात हाताने ताणलेल्या बारीक शेवया आणखी अनेक ठिकाणी होतात. त्यांना कुठे तिळाचं तेल लावतात, कुठे सरकीचं. त्सुबाकीचं तेल ही गोतोची खूण. ते लवकर खवट होत नाही, दोर एकमेकांना चिकटू देत नाही, आणि वाऱ्यात वरची कड फुटू देत नाही.

तुम्ही पुढच्या कामाला हात घालता. आजी तुमचं मनगट धरते.

“थांब. मुरू दे अजून.”

या कामाचा निम्मा भाग म्हणजे थांबणं. तुडवून, वळून पीठ ताठ झालेलं असतं. त्या ताठरपणात ताणलं तर तुटतं. तासभर झाकून ठेवलं की आतली ओढ सैल पडते आणि तोच दोर आणखी लांब जायला तयार होतो. मग पट्ट्याचा मनगटाएवढा दोर, दोराचा अंगठ्याएवढा, अंगठ्याचा करंगळीएवढा. प्रत्येक टप्प्यावर वळताना किंचित पीळ द्यायचा, तेल लावायचं, वेटोळं करून झाकायचं. मिठाचं माप आजी हवा बघून ठरवते, उन्हाळ्यात जास्त, थंडीत कमी. मीठ पिठाला धरून ठेवतं आणि वाऱ्यात दोर एकदम वाळून तडकू देत नाही. शिजवताना ते बहुतेक सगळं पाण्यात उतरतं.

दुपारपर्यंत दोर पेन्सिलीएवढा झालाय. आता दोन काड्या. एका काडीवरून दुसरीवर, मधे एकमेकांना छेद देत, दोर गुंडाळत जायचा. आजीच्या हातांकडे बघा. डावा हात दोर सोडतो, उजवा पीळ देतो आणि त्याच झटक्यात काडीवर घेतो. बोटांना डोळ्यांची गरज नाही, डोळे खिडकीबाहेरच्या ढगांवर आहेत. दोर गुंडाळलेल्या काड्या लाकडी पेटीत ठेवायच्या, पुन्हा मुरवायच्या, हातभर ताणायच्या, पुन्हा मुरवायच्या. शेवटी उंच चौकटीवर वरची काडी अडकवायची आणि खालची हळूहळू ओढायची. दोर तुमच्या उंचीएवढे लांब होतात. लांब चॉपस्टिक त्यांच्यामधून वरून खाली फिरवली की चिकटलेले दोर सुटे होतात, आणि चौकटीवर पांढरा पडदा लोंबू लागतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दारात खाटा टाकून काठीवर हातशेवया ताणणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्यात, त्यांना इथे आल्यावर परकं वाटायचं कारण नाही.

आजीला हे कोणी शिकवलं? तिच्या सासूनं. सासूला तिच्या सासूनं. वजन, माप, वेळ यांतलं काहीही या घरात लिहिलेलं नाही. बेटावर विचारलं तर सगळे एकच उत्तर देतात: हे तांगच्या काळात समुद्रापलीकडून आलं. तांग म्हणजे चीनचं तांग राजघराणं, म्हणजे अकराशे वर्षांहून मागे. आजी ही गोष्ट काल घडल्यासारखी सांगते.

तर चला तिथे.

सन ८०४. चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्याची सहावी तिथी. तुम्ही जपानच्या राजदूताच्या जहाजावर आहात. ताफ्यात चार जहाजं. हिझेन प्रांतातल्या तानोउरा बंदरातून निघालेली ही जहाजं आता उघड्या समुद्रात शिरतायत. आठव्या शतकापासून चीनला जाणारे दूत दक्षिणेचा मार्ग धरत, आणि त्या मार्गावर जपानची शेवटची जमीन म्हणजे गोतो. फुकुए बेटाच्या पश्चिम टोकाला मिइराकु नावाचं ठिकाण आहे. तिथे दूतांनी प्यायचं पाणी भरल्याचं सांगतात ती विहीर आजही दाखवली जाते. त्यापुढे थेट चीनचा किनारा लागेपर्यंत पाणीच पाणी.

जहाजावर एकतिसाव्या वर्षातला एक भिक्षू आहे, नाव कुकाई. हा पुढे जपानमध्ये शिंगोन पंथ स्थापणार आहे. दुसऱ्या जहाजावर साइचो आहे, तो तेंदाई पंथ आणणार आहे. पण आत्ता ही दोघं वाऱ्याच्या हवाली केलेली माणसं आहेत. दुसऱ्या रात्री तुमच्या जहाजावरून मशालीची खूण केली जाते. तिसऱ्या जहाजाकडून उत्तर नाही. चौथ्याकडून नाही. राजदूतानं परतल्यावर दिलेल्या अहवालात ही न मिळालेली उत्तरं नोंदलेली आहेत. तुमचं जहाज चौतीस दिवस भरकटतं आणि ठरल्या ठिकाणापासून फार दक्षिणेला, फूच्येनच्या किनाऱ्याला लागतं. फुकुएच्या टोकावर आज कुकाईचा स्मारक-शिलालेख आहे, त्यावर मातृभूमीचा कडा सोडून जाण्याचे त्याचे शब्द कोरलेत. त्या कड्यावर उभं राहिलं की ते शब्द किती नेमके आहेत हे कळतं.

या जहाजांवरून परत येताना काय काय आलं? सूत्रं आली, चित्रं आली, औषधं आली, आणि पिठाचे वळलेले दोरही आले. दरबारी नियमांचा जो मोठा ग्रंथ ९२७ मध्ये पुरा झाला, त्या एंगिशिकीत ‘साकुबेई’ नावाच्या पदार्थाचं सामान दिलंय: गव्हाचं पीठ, तांदळाचं पीठ, मीठ. उदोन आणि शेवयांच्या घराण्याचा हा पूर्वज धरतात. गोतोलाच तो दूतांकडून थेट मिळाला याचा कागद मात्र नाही. पण चीनच्या किनाऱ्यावर वेनझोऊजवळच्या डोंगरगावांत आजही बायका-पुरुष दोन काड्यांवर छेद देत पिठाचा दोर गुंडाळतात आणि अंगणातल्या चौकटीवर उभा ताणतात. समुद्राच्या दोन काठांवर हाताची तीच चाल आहे. मला हा पुरावा कागदाहून कमी वाटत नाही. हातांनी शिकलेली गोष्ट माणूस सहजी बदलत नाही, कारण बदलली तर दोर तुटतो.

८९४ मध्ये दूत पाठवणं बंद झालं. गोतो शेवटचं बंदर राहिलं नाही, नुसतं टोक राहिलं. राजधानीतल्या लोकांच्या कल्पनेत ते इतकं दूर गेलं की दहाव्या शतकातल्या एका उमराव बाईच्या रोजनिशीत, ‘कागेरो निक्की’त, मिइराकुचा उल्लेख येतो तो मेलेली माणसं जिथे दिसतात असं बेट म्हणून. तिची आई नुकतीच गेलेली होती.

मधली शतकं ओलांडून पुढे या. सन १५९७, फेब्रुवारीची ५ तारीख. आता तुम्ही बेटावर नाही, नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर आहात. थंडी कडाक्याची आहे. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकुमानं सव्वीस ख्रिस्ती माणसांना क्रुसावर चढवायचंय. त्यांतल्या बहुतेकांना क्योतोहून सुमारे महिनाभर चालवत आणलंय, डाव्या कानाची पाळी कापून. त्यांत बारा, तेरा, चौदा वर्षांची मुलंही आहेत.

गर्दीतून पुढे सरका. क्रुसांच्या रांगेत दोन माणसं बघायची आहेत. एक चाळिशीचा, सावळा, जपानी अस्खलित बोलणारा. हा गोन्सालो गार्सिया, वसईचा. बाप पोर्तुगीज, आई वसईकडची. पोरवयात जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला आला, भाषा शिकला, धर्मशिक्षण दिलं, मग व्यापारात पडला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि १५९३ मध्ये दुभाष्या म्हणून परत जपानला आला. खुद्द हिदेयोशीपुढे पाद्र्यांचं म्हणणं त्यानं मांडलं. दुसरा एकोणीस वर्षांचा, नाव योहान. त्याचं बेट त्याच्या नावातच आहे: योहान गोतो. त्याचे वडील त्याला शेवटचं भेटायला टेकडीवर आलेत.

वसईचा गोन्सालो आणि गोतोचा योहान एकाच सकाळी, एकाच टेकडीवर गेले. वसईत गोन्सालोच्या नावाचं महाविद्यालय आहे, त्याचा सण होतो, वसईकर ख्रिस्ती त्याला आपल्या मातीचा संत म्हणतात. योहानचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. वसईच्या चर्चमध्ये गोन्सालोच्या मूर्तीपुढे उभं राहताना त्याच्या शेजारचा हा बेटावरचा पोरगाही आठवला तर बरं. आणखी एक. या सव्वीस जणांना रोमनं संतपद दिलं ते १८६२ साली. त्या वर्षी जगभर त्यांची नावं जाहीरपणे घेतली गेली. आणि योहानच्या स्वतःच्या बेटांवर त्या वेळी त्याच्या धर्माचं नाव काढणं हा गुन्हा होता.

हे कसं, ते बघायला थोडं मागे, १७९७ कडे. ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी येऊन दोनशे वर्षं होत आलीत. नागासाकीकडच्या ओमुरा संस्थानात माणसं जास्त, जमीन कमी. गोतोच्या सरदाराला माणसं हवीत. करार होतो आणि पहिल्या तुकडीत १०८ शेतकरी होडीनं येतात. पुढे हा आकडा तीन हजारांच्या घरात जातो. त्यांतले पुष्कळ जण लपलेले ख्रिस्ती आहेत. चांगली खाजणं आणि बंदरं आधीच्यांची, नव्यांना मिळतो तो डोंगराचा उतार आणि आत शिरलेल्या ओसाड खाड्या. गव्हाचं पीठ, तेल, आणि पिठाजवळ बसून काढायचे दोन दिवस ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या घरी उदोन होतो. या उतारावर रताळं पिकतं, रताळं खातात. त्याचे काप उकडून वाळवतात आणि थोड्या चिकट तांदळात कुटून त्याचा मोची नावाचा गोळा करतात. गोतोच्या उदोनची गोष्ट सांगताना या रताळ्याला वगळणं मला पटत नाही.

प्रार्थना त्यांनी तोंडी जपल्या. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झाले, तरी क्रम सुटला नाही. पाद्री नाही, पुस्तक नाही, पाठ म्हणून घेणारी फक्त घरातली मोठी माणसं.

आता १८६८. वाकामात्सु बेटाच्या कड्यातली एक गुहा, जिथे फक्त समुद्रातूनच येता येतं. तुम्ही आत बसला आहात, काही कुटुंबांबरोबर, कित्येक आठवड्यांपासून. बाहेर धरपकड चाललीय. गोतोच्याच हिसाका बेटावर दोनशे जणांना सुमारे वीस चौरस मीटरच्या जागेत कोंबलंय. बसायला जागा नाही, मुलं मोठ्यांच्या अंगांमध्ये अधांतरी अडकलेली. आठ महिन्यांच्या या कोंडीपायी बेचाळीस जण मरणार आहेत. गुहेत समुद्राचा आवाज इतका घुमतो की कुजबुजायची गरज नाही. ओल हाडांत शिरते. पोरांना काहीतरी गरम द्यायला हवं. एका सकाळी कुणीतरी चूल पेटवतं. धूर गुहेच्या तोंडातून बाहेर सरकतो, वर चढतो, आणि दूरवरून जाणाऱ्या एका बोटीला दिसतो. स्वयंपाकाच्या धुरानं ही माणसं पकडली गेली. त्यांचे हाल झाले. गुहेच्या तोंडाशी १९६७ मध्ये क्रूस आणि येशूचा पुतळा उभारला, बोटीतून जाताना दोन्ही दिसतात.

१८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. मग खाडीखाडीत चर्च उभी राहू लागली. ज्या १९१५ च्या हिवाळ्यात तुम्ही आजीबरोबर पीठ तुडवत होता, त्याच हिवाळ्यात नाकादोरीला लागून असलेल्या काशिरागाशिमा या छोट्या बेटावर लोक वालुकाश्म फोडून चर्च बांधत होते. काम १९१० ला सुरू झालं, पैसे संपले तेव्हा अडलं, आणि १९१९ ला पुरं झालं. बांधणारा तेत्सुकावा योसुके हा याच बेटांतला सुतार. त्यानं आयुष्यात कितीतरी चर्च बांधली आणि स्वतः अखेरपर्यंत बौद्ध राहिला. बाहेरून खडबडीत दगडी किल्ला वाटणाऱ्या त्या इमारतीच्या आत छतभर लाकडी फुलं आहेत. २०१८ मध्ये ही वस्ती जागतिक वारसा यादीत गेली.

आता आजच्या काळात या. २००४ मध्ये पाच गावं मिळून शिनकामिगोतो हे नगर झालंय. आरिकावाच्या देवळाला व्हेलच्या जबड्याच्या हाडांचं तोरण आहे, कारण इथे शतकानुशतकं व्हेलची शिकार चाले. नाकादोरीवर फुनासाकी नावाचं गाव उदोनचं जुनं घर म्हणून मान मिळवून आहे. कारखाने बहुतेक घरगुतीच. तुडवायला आणि वळायला यंत्रं आलीत, पहाट मात्र तीच राहिलीय. यंत्राला आजची हवा कळत नाही. मीठ किती आणि किती वेळ मुरवायचं हे अजून माणूसच ठरवतो. तरुण मुलं नोकरीसाठी नागासाकीला, फुकुओकाला जातात आणि कारखान्यात हात कमी पडतात. जे थांबतात, परत येतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. दोन दिवस राबून तयार झालेली जुडी विकताना तिची किंमत किती कमी वाटते, हे त्यांच्याजवळ उभं राहिलं की कळतं.

महिना सप्टेंबर-ऑक्टोबरचा असेल तर बंदरावर जा. उत्तरेचा वारा सुटला की आगो, म्हणजे उडणारे मासे, जपान समुद्रातून खाली येतात. दोन बोटी मधे जाळं धरून त्यांना ओढतात. वीतभर मासा, पंखासारखे पर, अंगात चरबी जवळजवळ नाही. काडीत ओवून कोळशावर भाजतात आणि खणखणीत वाळवतात. अंगणाअंगणात तो वास असतो. चरबी नसल्यामुळे या माशाचा रस्सा पाण्यासारखा नितळ होतो, चव मात्र खोल, भाजलेली, किंचित गोड. वाळलेला आगो रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी मंद आचेवर ठेवायचा. घाई केली तर कडू होतो.

जेवायला बसा. टेबलाच्या मधोमध बिडाचं मोठं भांडं, खाली आच, पाणी खळखळतंय. वाळलेला उदोन त्यात सोडलाय. याला जिगोकुदाकी म्हणतात, नरकातल्या कढईसारखं उकळतं म्हणून. कुणी वाढणार नाही. भांडं सगळ्यांचं आहे, ज्यानं त्यानं आपला दोर आपण काढायचा. लाकडी दात असलेला डाव दिलाय, कारण तेल लावलेला हा उदोन चॉपस्टिकमधून निसटतो. पहिल्यांदा वाडग्यात आगोचा गरम रस्सा घ्या, वरून चिरलेली कांद्याची पात. दोर त्यात बुडवा आणि आवाज करत ओढून घ्या, इथे ते असभ्य नाही. दाताखाली तो आधी गुळगुळीत लागतो, मग चिवट. बारीक असूनही फुगत नाही, उकळीत इतका वेळ राहूनही गळत नाही. पीळ आणि मुरवणं यांचं काम तुमच्या जिभेवर चाललंय. तळाशी काही वळलेले, आखूड, जाडसर तुकडे हाताला लागतील. काडीवर वळलेला भाग तो. विकायच्या जुडीतून कापून काढतात आणि घरच्या रश्श्यात टाकतात. पोरं त्यासाठी भांडतात. मिळाला तर सोडू नका.

मग वाडगा रिकामा करा. त्यात कच्चं अंडं फोडा, सोया सॉस, थोडे बोनितो माशाचे टाळूला चिकटणारे पातळ काप, पुन्हा पात. जोरात फेटा. भांड्यातून गरम दोर थेट त्यात घ्या, म्हणजे अंडं दोराला धरतं. शेजारी बसलेली बाई तुमच्याकडे बघून मान हलवील आणि तुमच्या वाडग्यात आणखी एक डाव उदोन टाकील. नको म्हणू नका.